छापायचं कशावर?

परवा सकाळी सकाळी परभणीहून चुलतभावाचा फोन. "दादा, तू कंप्युटरवाला आहेस, मला एक मशीन फायनल करून दे." टी-शर्ट छापायचा धंदा टाकायचाय म्हणे. डीलरने साडेसहा लाखांचं कोटेशन दिलंय. मशीन थेट कापडावर छापतं, फोटो टाका, बटण दाबा, झालं! काका यंदाच्या कापसाचे पैसे त्यात घालणार, उरलेलं कर्ज.

आता प्रिंटरशी माझा संबंध म्हणजे ऑफिसात कागद अडकला की झाकण उघडून बघणे, एवढाच. पण कापसाचे पैसे म्हटल्यावर हसण्यावारी नेता येईना. सगळा वीकेंड त्यात गेला. आधी इंजिनिअरच्या सवयीने स्पेसिफिकेशनचा तक्ता केला, त्यातून काही कळेना. मग ही मशीनं मुळात कोणी, कशासाठी काढली ते वाचायला लागलो, आणि तिथे उलगडा व्हायला लागला.

सगळ्यात जुनं आपलं स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिकांमुळे तालुक्याच्या गावालाही ते ठाऊक आहे. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ साली याचं पेटंट घेतलं. जाळी रेशमाची, पीठ चाळायला वापरायचे तसलीच. जिथे छापायचं नाही तिथली भोकं बुजवायची आणि उरलेल्यातून शाई ओढायची. हे टी-शर्टाच्या धंद्यात रुळलं ते मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकन माणसामुळे. १९६० च्या सुमारास त्याने गोल फिरणारं, अनेक रंगांचं मशीन बनवलं (पेटंट मिळालं १९६९ मध्ये). आणि कशासाठी? तर बोलिंग खेळणाऱ्या टीमच्या शर्टांवर नावं छापायला! म्हणजे एकच डिझाइन, मोजके रंग, पुष्कळ शर्ट. प्रत्येक रंगाला एक स्क्रीन करावी लागते, आणि ती करायची मेहनत एका शर्टाला तेवढीच, पाचशेलाही तेवढीच.

दुसरं सब्लिमेशन. याची गोष्ट मला फार आवडली. मँचेस्टरच्याच कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा काढला. कॅलिको हा शब्द आपल्या कालिकतवरून आलेला, म्हणजे सुती कापड. सुतावर छपाई करणाऱ्यांच्या संस्थेतच सुताचा प्रतिस्पर्धी जन्माला आला! पुढे १९५७ मध्ये नोएल द प्लास या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं, की काही रंग २०० अंशांच्या आसपास तापवले की वितळत नाहीत, सरळ वाफ होतात आणि पॉलिएस्टरच्या आत जाऊन बसतात. मग कागदावर छापा, कापडावर ठेवून गरम दाबा. हाताला काही लागत नाही, धुऊन जात नाही. पण सुती कापडावर हा रंग टिकत नाही, आणि कापड पांढरं किंवा फिकंच लागतं.

तिसरं म्हणजे भावाला विकायला काढलेलं, डीटीजी. मूळ कल्पना कागदाच्या इंकजेटचीच. ब्रदर कंपनीने २००५ मध्ये जीटी-५४१ आणलं, त्यात पांढरी शाईच नव्हती. काळ्या शर्टवर छापायचं तर खाली पांढरा थर हवा, तो नंतर आला. त्या पांढऱ्या शाईत असतो टायटॅनियम डायऑक्साइड. जड पूड, तळाशी बसते. मशीन रोज चाललं पाहिजे, शाई हलती राहिली पाहिजे, हवेत ओल पाहिजे, नाहीतर बारीक नोझल चोंदतात. आता परभणीचा मे महिना आठवा. ४२-४३ अंश, कोरडी ठाक हवा, त्यात लाइट जाणार. हे मशीन एसी खोलीत रोज एकेक वेगळा शर्ट छापायला आहे.

(चौथं डीटीएफ, फिल्मवर छापून गोंदाच्या पुडीने चिकटवायचं. २०२० नंतर सगळीकडे पसरलं. सुतावर, पॉलिएस्टरवर दोन्हीकडे चालतं. पण पांढऱ्या शाईचं दुखणं तेच.)

मग भावाला म्हटलं, मशीन राहू दे, तुझी ऑर्डरची वही पाठव. तो वर्षभर ऑर्डरी घेऊन नांदेडहून छापून आणायचा. वहीचे फोटो आले. शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती मंडळं, कोचिंग क्लास. पन्नास ते दोनशे शर्ट, एक-दोन रंग, आणि सगळ्यांना त्याच आठवड्यात पाहिजे. दुसरी रांग क्रिकेट-कबड्डीच्या जर्सींची, म्हणजे पॉलिएस्टर, प्रत्येकावर वेगळं नाव आणि नंबर. वाढदिवसाचा फोटोवाला एकटा शर्ट? अख्ख्या वहीत नऊ!

म्हणजे वहीत व्हॅसिलँटोन आणि द प्लास दोघेही हजर होते, आणि कोटेशन मात्र तिसऱ्याचं. त्याला सांगितलं, चार रंगांचं हाताने फिरवायचं स्क्रीनचं टेबल घे, एक साधा सब्लिमेशन प्रिंटर आणि हीट प्रेस घे. ते नऊ शर्ट डीटीएफवाल्याकडून छापून आण. साडेसहा लाख लागत नाहीत. स्क्रीनचंही सगळं गोड नाही हेही बोललो. पाण्याची शाई उन्हाळ्यात जाळीतच वाळते, आणि प्लॅस्टिसॉल वापरायची तर १६० अंशांपर्यंत नीट तापवावी लागते, नाहीतर दोन धुण्यात तडे.

भाऊ जरा नाराज झाला. "दादा, स्क्रीन म्हणजे जुनं वाटतं रे लोकांना." काकांनी फोन घेतला आणि भलतंच विचारलं, "आपला कापूस असतो का रे त्या शर्टात?" काय सांगणार! निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली तेव्हापासून परभणी, सेलू, मानवतचा कापूस गाठी बांधून बाहेर जातोय. विद्यापीठाने काढलेल्या एका देशी वाणाचं नावच 'परभणी तुराब' आहे. पण कोरा शर्ट येतो तिरुपूरहून, आणि जर्सीत तर कापूस नावालाही नाही. सरकी काढणं आणि गाठी बांधणं आपल्याकडे, कापड दुसरीकडे, हे शंभर वर्षांचं आहे. "मग छापणं तरी इथं होऊ दे," काका म्हणाले, आणि फोन परत भावाकडे दिला.

सध्या भाऊ एका लग्नपत्रिकावाल्याकडे रोज संध्याकाळी दोन तास जाऊन स्क्रीन करायला शिकतोय. एमल्शनचा थर सारखा बसत नाही अशी तक्रार आहे. टेबलाचा अॅडव्हान्स अजून दिलेला नाही.