वैद्यकीय लेसर : सुरक्षेची खबरदारी

शस्त्रक्रियेत वापरले जाणारे बहुतेक लेसर चौथ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात मोडतात. थेट किरणच काय, चकचकीत चिमट्यावरून परावर्तित झालेला झोतही डोळा निकामी करू शकतो. म्हणून चिमट्यासारखी उपकरणे मुद्दाम खरबरीत, निस्तेज पृष्ठभागाची बनवतात.

डोळ्याच्या कोणत्या भागाला इजा होणार हे तरंगलांबीवर ठरते. ४०० ते १४०० नॅनोमीटरचे किरण भिंगातून दृष्टिपटलावर एकवटतात. त्यांतला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग किरण दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेसर मात्र स्वच्छमंडलातच शोषला जातो. एकासाठीचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असे नाही. रंग पाहून चष्मा उचलणे हा शुद्ध जुगार. काचेवर छापलेली तरंगलांबी आणि प्रकाशीय घनता वाचावीच लागते. घनता ५ असेल, तर लाखातला एकच अंश पार होतो. रुग्णाचे डोळेही झाकतात.

आग हा दुसरा शत्रू. स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियेत श्वासमार्गात घातलेली, ऑक्सिजनने भरलेली नळी किरण लागताच पेटू शकते. त्यामुळे ऑक्सिजनचे प्रमाण कमी ठेवतात, लेसररोधक नळी वापरतात आणि तिच्या फुग्यात हवेऐवजी निळे रंगवलेले सलाइन भरतात. फुगा फुटला की निळा रंग लगेच दिसतो.

जळत्या ऊतीच्या धुरात पॅपिलोमा विषाणूचा डीएनए आढळला आहे. साधा मास्क इथे अपुरा. धूर शोषणारी नळी जखमेलगतच धरावी लागते.

दारावर इशाऱ्याची पाटी, वापर नसताना यंत्र ‘स्टँडबाय’वर, आणि लेसर चालवणारी पायकळ फक्त शल्यविशारदाच्या पायाखाली.