इरई येथील हिमानी अवशेष

इरई येथील हिमानी अवशेष हे महाराष्ट्राच्या चंद्रपूर परिसरात, पैनगंगा नदीकाठच्या इरई गावाजवळ आढळलेले प्राचीन हिमनदीच्या कार्याचे पुरावे आहेत. आज महाराष्ट्रात एकही हिमनदी नाही. परंतु सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश बर्फाखाली होता, हे येथील खडकांवरून समजते.

स्वरूप

साचून घट्ट झालेला बर्फ स्वतःच्या वजनाने सरकू लागला की हिमनदी तयार होते. तिच्या तळाशी गोठलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात. त्यामुळे खडक गुळगुळीत होतो व त्यावर एकमेकांना समांतर असे ओरखडे आणि चर उमटतात. इरई येथे असे ओरखडे पैनगंगा गटातील चुनखडकावर आहेत. त्यावर तालचीर शैलसमूहातील गोलाश्म संस्तर, म्हणजे बारीक गाळात लहानमोठे दगड मिसळून बनलेला थर आहे. नदीचे पाणी दगड, वाळू व गाळ आकारमानानुसार वेगळे करीत जाते. हिमनदी मात्र सर्व पदार्थ एकत्रच वाहून आणते व बर्फ वितळल्यावर तसेच टाकते.

शोध

१८५६ मध्ये ओडिशातील तालचीर येथील अशा संस्तराचा संबंध बर्फाशी जोडण्यात आला. उष्ण कटिबंधात बर्फ असल्याची ही कल्पना त्या काळी आश्चर्यकारक होती. १८७२ मध्ये थॉमस ओल्डहॅम व फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकांना इरई येथे ओरखडे असलेला खडक आढळला आणि या मताला बळकटी मिळाली.

भारत त्या काळी दक्षिण ध्रुवाजवळील गोंडवन या महाखंडाचा भाग होता. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेही याच हिमकाळाचे अवशेष आहेत. आल्फ्रेड वेगेनर यांनी आपल्या खंडवहन सिद्धांतासाठी त्यांचा आधार घेतला.

मानवी जीवनाशी संबंध

बर्फ ओसरल्यानंतर हवामान उबदार होत गेले. सखल भागांत दलदली व ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींची वने निर्माण झाली. गाळाखाली गाडलेल्या या वनस्पतींपासून बराकर शैलसमूहातील कोळसा तयार झाला. वर्धा खोऱ्यात हा शैलसमूह तालचीर शैलसमूहाच्या वर आढळतो. वरोरा येथे १८७० च्या दशकात खाणकाम सुरू झाले. आज घुग्घुस, बल्लारपूर व वणी परिसरातील खाणी आणि चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र यांवर अनेकांचा रोजगार अवलंबून आहे. मात्र कोळसा जाळल्याने बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीचे तापमान वाढवतो व त्यामुळे हिमालयातील हिमनद्या वितळत आहेत. हिमयुगानंतरच्या वनांनी साठवलेला कार्बन अशा प्रकारे आजच्या हिमनद्या घटण्यास हातभार लावत आहे.

मराठवाड्यातील स्थिती

वरच्या भागात पैनगंगा नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. नांदेड जिल्ह्याचा मोठा भाग मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापला आहे. हा खडक हिमकाळानंतर फार उशिरा तयार झाल्याने त्यावर हिमानी खुणा आढळत नाहीत. गंगा किंवा सिंधूप्रमाणे पैनगंगा व गोदावरी यांना बर्फाचे पाणी मिळत नाही. त्यांचा प्रवाह पावसावर अवलंबून असल्याने उन्हाळ्यात तो खूप घटतो.