पांढऱ्यावर निळे

एखादा व्यवहार लिहून पक्का करावयाचा म्हणजे ‘पांढऱ्यावर काळे करा’ असे आपण म्हणतो. पण शाळेत, ग्रामपंचायतीत, घरच्या हिशेबाच्या वहीत आपण कित्येक वर्षे पांढऱ्यावर निळेच करीत आलो. हा बदल कसा झाला आणि त्यात आपल्या हातून काय निसटले, ते आज पाहू.

आधी एक प्रयोग करा. फाउंटनपेनमध्ये निळी शाई भरा आणि एकच वाक्य तीन कागदांवर लिहा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर शाई फुटेल. स्वस्त वहीच्या पानावर ती बहुधा मागे उमटेल. गुळगुळीत, चांगल्या कागदावर रेघ स्वच्छ येईल, पण वाळायला वेळ घेईल. शाई तीच, पेन तेच, हातही तोच. मग फरक कशाने पडला?

नवेगाव बांधच्या माणसाला हे सांगणे सोपे आहे. तिथला तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. डोंगरातून पाणी पूर्वीही येतच होते. पाळ पडली तेव्हा ते थांबले. कागदाचेही तसेच आहे. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. त्याच्या फटींतून शाई वाट फुटेल तिकडे धावते. तिला अडवण्यासाठी कागदाला खळ देतात. खळ ही कागदाची पाळच म्हणा ना! टिपकागदाला ती मुळीच नसते, म्हणून तो शाई पितो.

आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत असे. त्या काळी कागदाला पेजेसारखी पिठाची खळ देत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटीत. शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. ऊन तिचा रंग उडवीत नाही. घोटलेल्या कागदावर ती वरच्या वर बसे आणि डिंक तिला धरून ठेवी. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला आहे. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, इतका बारीक विचार त्यात आहे. पेशवे दफ्तरातले मोडी कागद पुण्यात आजही वाचता येतात, ते या कागदाच्या आणि शाईच्या जोडीमुळे.

दुसरी शाई लोखंडाची. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळा रंग उतरतो. अशी शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की गडद होते. लिहिणाऱ्याला अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळू लागले. तीच पुढे ‘ब्लू-ब्लॅक’ झाली. ती पाण्याला दाद देत नाही, पण आम्ल असल्याने फार तीव्र झाली तर कागदालाच खाते.

मग फाउंटनपेन आले. वॉटरमनने 1884 साली आपल्या पेनाचे पेटंट घेतले. पेनाच्या बारीक नळीत काजळीची शाई अडते. तिथे पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग हवा. 1856 साली पर्किन या तरुण इंग्रजाने पहिला कृत्रिम रंग काढला होता. त्यानंतर निघालेल्या रंगांतून ही निळी शाई झाली. स्वदेशीच्या दिवसांत, 1931 साली, मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या करण्याचा उद्योग काढला. ‘कॅमल इंक’ पुढे घरोघर पोचली आणि त्यातूनच ‘कॅमलिन’ हे नाव झाले.

कागदही बदलला. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला बांबूपासून कागद होऊ लागला. यंत्रावरच्या कागदाला पिठाऐवजी राळ आणि तुरटीची खळ देण्याची पद्धत होती. तुरटीमुळे कागदात आम्ल राहते; असा कागद पिवळा पडतो आणि मोडतो.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. त्याच कागदांवर दुसऱ्या दिवशी पाण्याचे दोन थेंब टाका. साधे निळे अक्षर पसरेल. दुसरा एक कागद अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हात ठेवा. उघडी ओळ फिकी पडलेली दिसेल.

शिक्षकबंधूंनो, ही नुसती गंमत नाही. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातली जन्मतारखेची आणि जातीची एक ओळ माणसाला जन्मभर पुरते. नातवाच्या जातपडताळणीसाठी आजोबांची ओळ शोधत लोक शाळेत येतात. पावसाळ्यात छप्पर गळाले आणि ती ओळ धुऊन गेली, तर त्या घराने दाद कोणाकडे मागावी? संगणकावर नोंद झाली तरी वाद पडला की मूळ पानच मागतात.

म्हणून शुद्धलेखनाच्या वहीत खुशाल निळी शाई वापरा. मुलांचे कपडे तरी धुऊन निघतील. रजिस्टरासाठी मात्र पाण्याने न जाणारी शाई घ्या, कागद आधी लिहून आणि भिजवून पारखा, आणि समर्थांनी सांगितल्याप्रमाणे कडेला जागा सोडा.