दिलजमाई कुणाची?

महात्मा जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जी झीज सोसली, तिच्याबद्दलचा तो आदर होता. पुण्यात बसून एका माणसानं सातासमुद्रापलीकडच्या लढ्याशी नातं जोडलं, याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण त्याच १८७३ साली खुद्द अमेरिकेत काय चाललं होतं? गुलामी कायद्यानं गेली होती; गुलामीतून सुटलेल्या माणसाचं स्थान काय, हे भांडण मात्र ऐन भरात होतं.

थोडं मागं जाऊ. गुलामी टिकवण्यासाठी दक्षिणेतली अकरा राज्यं १८६०-६१ मध्ये देशातून फुटली. चार वर्षं यादवी चालली. सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स इथं दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली जनरल ग्रँट यांना शरण आले. ग्रँट यांनी हरलेल्या सैनिकांना आपापले घोडे घरी नेऊ दिले. शेतीचे दिवस तोंडावर होते. पाचच दिवसांनी अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले.

आता देशापुढं दोन प्रश्न होते. फुटलेली राज्यं कोणत्या अटींवर परत घ्यायची? आणि मुक्त झालेली सुमारे चाळीस लाख माणसं इथं कोण म्हणून राहणार? कागदावर हे दोन प्रश्न वेगळे दिसतात. पण पहिल्याच्या अटी जितक्या सैल, तितकं दुसऱ्याचं उत्तर अवघड, अशी ती गाठ होती.

लिंकननंतर आलेले अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी सैल अटी पसंत केल्या. बंडखोरांना त्यांनी सढळ हातानं माफी दिली. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यालगतची जमीन मुक्त कुटुंबांना, चाळीस एकरांपर्यंत, देण्याचा हुकूम काढला होता. जॉन्सन यांनी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. दक्षिणेतल्या विधिमंडळांनी तर नवे कायदेच केले. मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाकडं कामाचा कागद नसला की तो ‘भटक्या’ ठरे. दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीला जुंपत. गुलामीचं नाव गेलं होतं, काम तेच राहिलं होतं.

हे पाहून केंद्रातली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, बिथरली. थॅडियस स्टीव्हन्स आणि चार्ल्स समनर यांच्यासारखे नेते पुढं आले. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा अध्यक्षांचा नकाराधिकार मोडून मंजूर झाला. १८६७ मध्ये दहा राज्यं लष्करी अंमलाखाली आणून, कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क देऊन नव्या राज्यघटना करायला लावल्या. १८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. ते एका मतानं वाचले. तीन घटनादुरुस्त्या झाल्या: १८६५ ची गुलामी संपवणारी, १८६८ ची नागरिकत्व आणि समान संरक्षण देणारी, १८७० ची वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई करणारी. ज्या मिसिसिपीतून बंडखोरांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस एकेकाळी सिनेटवर गेले होते, त्याच राज्यातून १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. दक्षिणेत सरकारी शाळा सुरू झाल्या.

उत्तर बंदुकीनं आलं. ‘कू क्लक्स क्लान’सारख्या टोळ्या रात्री घरांत घुसू लागल्या. एप्रिल १८७३ मध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स इथं कित्येक डझन कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. त्यांतल्या पुष्कळांना शरण आल्यावर मारलं. ज्या थोड्यांना शिक्षा झाल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयानं १८७६ मध्ये रद्द ठरवल्या. आपल्याकडं ‘गुलामगिरी’ निघालं, त्याच वर्षातली ही कत्तल.

उत्तरेचे लोकही आता कंटाळले होते. मंदी आली होती. दक्षिणेची कटकट नको झाली होती. कधीकाळी स्वतः गुलाम असलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८७५ च्या एका भाषणात विचारलं, की गोऱ्यांच्या आपसातल्या युद्धानं जर काळ्यांना स्वातंत्र्य दिलं, तर गोऱ्यांच्या आपसातल्या शांततेतून त्यांना काय मिळणार?

उत्तर दोन वर्षांत मिळालं. १८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक वादात सापडली. वाटाघाटी झाल्या, आयोग बसला, आणि १८५ विरुद्ध १८४ अशा निकालानं रदरफोर्ड हेज अध्यक्ष झाले. एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियानातल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं लष्कर बराकीत परतलं. ती सरकारं कोसळली. पुढं मिसिसिपीनं १८९० च्या घटनेत मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा आणली. इतर राज्यांनीही अशाच वाटा काढल्या. १८९६ मध्ये न्यायालयानं ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वेगळे डबे मान्य केले.

आपल्या भाषेत दिलजमाई हा एक सुंदर शब्द आहे. दिल फारसी, जमा अरबी आणि वापर अस्सल मराठी. जुलै १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक जमले आणि एकमेकांचे हात हाती घेतले. तीही दिलजमाईच होती, आणि खोटी नव्हती. फक्त तिची किंमत हात मिळवणाऱ्यांनी दिली नव्हती. ती दिली मताच्या पेटीपासून हाकलल्या गेलेल्यांनी.

तरी एक गोष्ट उरली. त्या तीन दुरुस्त्या घटनेतून कुणाला पुसता आल्या नाहीत. १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला, तो १८६८ च्या दुरुस्तीच्या आधारावर. १९६५ चा मताधिकार कायदा उभा राहिला १८७० च्या दुरुस्तीवर. ॲपोमॅटॉक्सला तेव्हा शंभर वर्षं झाली होती.

म्हणून जोतीरावांनी मानलेले आभार वाया गेले नाहीत. मात्र भांडलेले दोघं एकत्र आले, असं जेव्हा जेव्हा आपल्याला सांगितलं जाईल, तेव्हा ज्याच्यावरून भांडण झालं तो तिसरा कुठं आहे, हे विचारायला विसरू नये.