चान्या

उन्हात वाळवलेल्या मांसाचे तुकडे. मराठवाडा-विदर्भातील दलित स्वयंपाकातला साठवणीचा पदार्थ; मुख्यतः गाय, बैल व म्हशीच्या मांसाचा.

कृती : मांसाचे लांब, पातळ पट्टे कापून, काही घरी मीठ-हळद चोळून, दोरीवर कडक उन्हात टाकतात. कावळ्या-कुत्र्यांपासून राखण बहुधा पोरांकडे. पट्टे खडखडीत वाळले की तुकडे करून भरून ठेवतात. निखाऱ्यावर टाकल्यास चरबी चरचरते, कडा करपून कुरकुरीत होतात. अशा भाजक्या चान्या नुसत्याच चघळतात. पावसाळ्यात भाजीपाल्याची वानवा असली की डाळीत शिजवतात.

पार्श्वभूमी व नोंदी : मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले होते. मांस वाट्याने येई, तेही एकदम. उरलेले वाळवण्यावाचून गत्यंतर नसे. महाडच्या परिषदेत (मार्च १९२७) डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. १९५६च्या धर्मांतरानंतर चान्या कितपत मागे पडल्या, याबाबत गावोगावच्या आठवणी जुळत नाहीत. रूढ पाककृतीच्या पुस्तकांनी हा पदार्थ वगळला, ही उणीव गंभीरच म्हणावी लागेल. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ या पुस्तिकेत दलित स्त्रियांच्या अन्नविषयक आठवणी संकलित केल्या. शाहू पाटोळे यांचा ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हा या विषयावरचा प्रमुख मराठी ग्रंथ. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. त्यातला तपशील मराठवाड्याचा आहे.

वर्धा जिल्हा : विदर्भातील या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, वाळवणाला भट्टी लागत नाही. गोरक्षणाच्या चळवळीचेही हे केंद्र. विनोबा भावे यांनी एप्रिल १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी पवनारला उपोषण केले.

आहारमूल्य : प्रथिने भरपूर, कर्बोदके जवळजवळ नाहीत. त्यामुळे कमी कर्बोदकांच्या आहारात भट्टीत भाजलेल्या खारवलेल्या मांसाला आज जे स्थान मिळते, ते चान्यांनाही मिळू शकते. मात्र खारवलेल्या चान्या रक्तदाबाच्या रुग्णांनी बेतानेच खाव्यात. खारवून वा धुरी देऊन टिकवलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्ककारक ठरवले.

कायदा : महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून असलेली बंदी मार्च २०१५ मध्ये बैल व वळूंनाही लागू झाली. म्हशीचे मांस तीत येत नाही.