रॅमचा पोटखराबा

परंड्याचा इतिहास सांगायचा म्हटला की लोक मलिक-ए-मैदान तोफेपासून सुरुवात करतात. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ काही काळ परंड्याच्या भुईकोटात होती, पुढे विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि निजामशाहीची राजधानी काही काळ परंड्यात आली, हेही आम्ही परंडेकर अभिमानाने सांगतो. मला मात्र मलिक अंबरच्या लढायांपेक्षा त्याचा महसुली हिशेब जास्त मोठा वाटतो. जमिनीची प्रत पाहायची आणि प्रत्यक्ष पिकते किती त्यावर सारा ठरवायचा, हे त्याच्या पद्धतीचे मर्म होते. जमीन किती आहे आणि कसता किती येते, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

हा फरक आजच्या सातबाऱ्यावरही छापलेला असतो. एकूण क्षेत्र, लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा. पोटखराब्यातही दोन वर्ग. वर्ग अ म्हणजे खडक, खाचखळगे असलेली, आज पीक न देणारी जमीन. शेतकऱ्याने खपून ती सुधारली तर तिथे नांगर चालू शकतो. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, कालवा, कब्रस्तान, स्मशान यांसाठी राखलेली जमीन. ती गटात मोजली जाते, पण तिच्यावर पेरणी करायची नाही. आमच्या भागात हे समजावून सांगावे लागत नाही. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेल्या माणसाला पोटखराबा पाठ असतो.

हे सगळे सांगण्याचे कारण शेती नाही, संगणक आहे.

काही वर्षांपूर्वी गावातल्या एका अभ्यासिकेत वर्गणीतून घेतलेले जुने संगणक होते. मोहल्ल्यातल्याच एका मुलाने, जो संगणक दुरुस्तीचे काम शिकून आला होता, त्यांत रॅमची नवी पट्टी बसवली. दोन जीबीचे चार जीबी झाले. बिलही चार जीबीचेच झाले. मग कुणीतरी संगणकाची माहिती दाखवणारी खिडकी उघडली. तिथे लिहिले होते : बसवलेली मेमरी ४ जीबी, आणि कंसात, वापरण्याजोगी २.९६ जीबी. झाले. पोराने एक जीबी खाल्ली, अशी कुजबूज सुरू झाली. त्याचे पैसे अडकले. वर्गणीच्या पैशांत हात मारल्याची तोहमत आमच्यासारख्या लहान गावात फार दूरवर जाते, दुकानापासून सोयरिकीपर्यंत. आणि तो पोरगा कामात हुशार असला तरी बोलण्यात कच्चा. “सगळ्याच मशीनवर असंच दिसतं चाचा,” एवढेच तो म्हणत राहिला. चोरी करणारा याहून वेगळे काय म्हणणार, असे ऐकणाऱ्यांना वाटले.

तो खरेच बोलत होता. ती एक जीबी कुठे गेली, याचा इतिहास १९७८ पासून सुरू होतो.

त्या वर्षी इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर आला. प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक बाइटला नंबराने हाक मारतो. ८०८६ जवळ हाक मारायला २० तारा होत्या. प्रत्येक तार चालू किंवा बंद, म्हणजे २० वेळा दुप्पट : १०,४८,५७६ नंबर. एक मेगाबाइट. आता गावातल्या घरांना पाट्या लावायच्या आहेत आणि पाटीवर फक्त दोन आकडे मावतात अशी कल्पना करा. शंभर नंबर मिळाले. पण नंबर फक्त घरांनाच लागतात असे नाही. मशिदीला, शाळेला, चावडीला, दवाखान्यालाही पाटी लागते. वीस नंबर तिकडे गेले तर घरांसाठी ऐंशी उरले. गावात शंभर घरे बांधली तरी वीस घरांना पाटी नाही. घर उभे आहे, दार-खिडक्या आहेत, पण पोस्टमन तिथे कधीच येणार नाही.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा नेमके हेच केले. एक मेगाबाइट नंबरांपैकी खालचे ६४० केबी प्रोग्रामसाठी ठेवले आणि वरचे ३८४ केबी पडद्याचे कार्ड, इतर कार्डे आणि मदरबोर्डवरचा कायमचा प्रोग्राम यांच्यासाठी राखले. “६४० केबी कुणालाही पुरेल” हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर खपवले जाते. त्यांनी ते आपले नसल्याचे सांगितले आहे. खपवणारे मात्र थांबलेले नाहीत. खरी गोष्ट अशी की चारच वर्षांत ते पुरेनासे झाले. १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक जुगाड काढला : जास्तीची मेमरी वेगळी ठेवायची आणि ६४ केबीच्या एका खिडकीतून तिचा एकेक तुकडा पुढे आणायचा. एकाच पाटीमागे आळीपाळीने वेगवेगळी घरे.

त्याच वर्षी इंटेलचा ८०३८६ आला. ३२ तारा. ४,२९,४९,६७,२९६ नंबर, म्हणजे चार जीबी. मेमरी मेगाबाइटमध्ये, तीही हिशेब करून घेतली जायची त्या काळात चार जीबी ही पुन्हा कधी गाठावी न लागणारी वेस वाटली असणार. वीस वर्षांत लोक वेशीपाशी येऊन उभे राहिले. साध्या घरगुती संगणकात चार जीबी बसू लागली आणि जुने भांडण वर आले. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, आवाज, मदरबोर्डवरची इतर यंत्रणा, या सगळ्यांना याच चार जीबी नंबरांतून पाट्या द्यायच्या होत्या आणि त्या वरच्या टोकाला दिल्या गेल्या. म्हणून ३२ बिटच्या विंडोजवर चार जीबी बसवली तरी वापरता येते साधारण तीन ते साडेतीन. मोठे ग्राफिक्स कार्ड लावा, आकडा आणखी खाली येतो.

इथपर्यंतचे गणित बहुतेक जण सांगतात. मात्र “३२ बिट म्हणजे चार जीबी, विषय संपला” हे अर्धेच खरे आहे. १९९५ च्या पेन्टियम प्रो प्रोसेसरपासून इंटेलने मेमरीच्या नंबरांसाठी ३६ तारा दिल्या होत्या. तेवढ्यात ६४ जीबी मावते. ३२ बिटच्या लिनक्सने ही सोय वापरली. विंडोजच्या महागड्या सर्व्हर आवृत्त्यांनीही वापरली. घरगुती विंडोज एक्सपीत २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर ही यंत्रणा सुरक्षेसाठी चालूदेखील केली जात होती. तरी चार जीबीच्या पुढचा नंबर वापरायची तिला मनाई होती. मायक्रोसॉफ्टचे कारण असे की स्वस्त कार्डांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी चार जीबीपलीकडे काही असू शकते हे गृहीतच धरले नव्हते, आणि तसा नंबर समोर आला की संगणक कोसळत असे. कारण खोटे नाही. पण मग ही भिंत प्रोसेसरची नव्हती, धोरणाची होती, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितले का?

धोरणाची भिंत पुढे आणखी उघड झाली. २००३ साली एएमडीने आपल्या प्रोसेसरवर ६४ बिटची वाट मोकळी केली, पुढच्या वर्षी इंटेलही त्या वाटेने आले, आणि नंबर संपण्याचा प्रश्न आपल्या हयातीपुरता मिटला. तरी २००९ च्या विंडोज ७ मध्ये मर्यादा राहिल्याच, कारण आता त्या परवान्यात होत्या. स्टार्टर आवृत्तीला २ जीबी. ६४ बिटच्या होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला १९२. होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या देशांतल्या बाजारांसाठीच काढलेली होती. तोच मदरबोर्ड, तोच प्रोसेसर, त्याच पट्ट्या; फरक फक्त कागदाचा. मला यात इनामदार आणि कूळ आठवतात. जमीन एकच, हक्क ज्याच्या त्याच्या सनदेप्रमाणे.

आणि कुजबुजीला खरे निमित्त मिळाले ते पडद्यावरच्या आकड्यामुळे. पूर्वी विंडोज फक्त वापरात येणारी मेमरी दाखवी. लोकांच्या तक्रारी होत, “चार घेतली, तीनच दिसते.” म्हणून २००८ च्या व्हिस्टा सर्व्हिस पॅक १ पासून बसवलेली मेमरी दाखवायला सुरुवात झाली आणि विंडोज ७ ने दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. प्रामाणिकपणाच म्हणायचा. पण कारण न देता दाखवलेल्या दोन आकड्यांमधली फट माणूस आपल्या संशयाने भरतो.

अभ्यासिकेच्या बैठकीत मी हे सारे सांगायला लागलो तेव्हा दोघे-तिघे घड्याळ पाहू लागले. मग मी सेवा केंद्रातून काढलेला एक सातबारा पुढे ठेवला. समितीतले एक वयस्क शेतकरी लगेच म्हणाले, “म्हणजे पोटखराबा आहे म्हणा की.” माझे अर्ध्या तासाचे बोलणे त्यांनी एका शब्दात आटोपले. त्यांनीच पुढे विचारले, वर्ग अ की वर्ग ब? तो प्रश्न तर मलाही सुचला नव्हता, आणि तोच खरा प्रश्न होता. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच आपला वाटा राखून घेतो. तो वर्ग ब. सेटिंगमधून कमी-जास्त करता येतो, पण पूर्ण सुटत नाही. नंबर न मिळाल्यामुळे पडून राहिलेला तुकडा वर्ग अ. ६४ बिटची प्रणाली टाकली तर तो लागवडीखाली येतो.

तिथेही एक अट आहे. मदरबोर्डने तो तुकडा उचलून चार जीबीच्या पुढच्या नंबरांवर नेऊन बसवायला हवा. इंटेलचे ९४५ जातीचे चिपसेट, जे आपल्याकडच्या स्वस्त मशीनमध्ये भरपूर विकले गेले, त्यांना हे जमतच नाही. त्यांच्यावर ६४ बिट टाकले तरी आकडा हलत नाही. अभ्यासिकेतली काही मशीन नेमकी तीच निघाली. पोराने बैठकीतच एका मशीनचे झाकण काढून दोन्ही पट्ट्या दाखवल्या, त्यांच्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली. त्याचे पैसे त्याच संध्याकाळी दिले गेले. कुजबूज करणाऱ्यांपैकी त्याच्याशी कुणी काही बोलले नाही. तो आता बार्शीला काम करतो.

६४ बिट टाकावे की नाही, यावर मात्र चर्चा रंगली, आणि तीत अडचण निघाली भाषेची. उर्दूचे काम इनपेजवर चाले आणि त्याची जुनी आवृत्ती, जुना प्रिंटर, मराठीचे जुने फाँट हे सारे ३२ बिटच्या विंडोजवर बसलेले. गंमत अशी की इनपेजच्या पोटातही हाच नंबरांचा इतिहास आहे. १९८१ च्या सुमारास, म्हणजे आयबीएमच्या पीसीच्याच काळात, कराचीचे मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक हा टाइप तयार झाला. नस्तालीकमध्ये अक्षरे एकमेकांत उतरतात, म्हणून जोडाकृत्या हजारोंनी लागतात. त्या काळच्या एका फाँटमध्ये मात्र २५६ च जागा, कारण नंबर आठ बिटांचा. मग त्या आकृत्या ढीगभर फाँट-फायलींत वाटून ठेवल्या गेल्या आणि कुठल्या फायलीतली कितवी आकृती आणायची हे सॉफ्टवेअरने लक्षात ठेवले. मराठीच्या जुन्या फाँटमध्येही जोडाक्षरे याच तंगीत तोडून-मोडून बसवलेली होती. युनिकोडने दोन्ही लिप्यांना मोकळी जागा दिली, तरी जुन्या फायली आहेत तिथेच आहेत.

शेवटी चांगल्या मदरबोर्डची मशीन ६४ बिट झाली आणि एक ९४५ चे मशीन जसेच्या तसे ठेवले गेले. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघाली नाही, त्यामुळे त्याच्या पुढची वाट तशीही बंद आहे. इंटरनेटची तार काढून टाकलेले ते मशीन अजून चालते. त्यावर लग्नाच्या पत्रिका जुळवल्या जातात, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि पडद्यावर आकडा अजूनही २.९६ च आहे.