कायदा आधी राज्यांत झाला

अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाचा विषय निघाला की आपल्याला १९६४ चा नागरी हक्क कायदा आठवतो. प्रत्यक्षात सुरुवात त्याच्या एकोणीस वर्षे आधी, राज्यांत झाली.

महायुद्धाच्या तोंडावर कारखान्यांना माणसे हवी होती, तरी कृष्णवर्णीय कामगारांना दारातूनच परत पाठवत. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत भेदभावाला बंदी घातली. पण तो आदेश होता, कायदा नव्हे. आणि काँग्रेसमध्ये दक्षिणेचे प्रतिनिधी आडवे येत होते.

मार्च १९४५ मध्ये न्यूयॉर्कने आइव्हज-क्विन कायदा केला. वंश, वर्ण, धर्ममत किंवा मूळ देश पाहून नोकरी नाकारणे बेकायदा ठरले. जाहिरात आणि अर्जाचा नमुनाही कायद्याच्या कक्षेत आला. तक्रारींसाठी आयोग नेमला गेला: आधी चौकशी, मग समजूत, आणि तरीही मालक ऐकेना तर आदेश. त्याच वर्षी न्यू जर्सी, पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्स आणि १९५९ मध्ये कॅलिफोर्निया त्या वाटेने गेले. १९६५ नंतर आपण इथे आलो, तेव्हा हे कवच तयार होते.

माझ्या पिढीने या कायद्याकडे कर्मचारी म्हणून पाहिले. आज आपल्यातल्या अनेकांचे स्वतःचे दवाखाने, दुकाने, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. ‘आमच्याकडे चारच माणसे, आम्हाला कसला कायदा?’ असे कानावर येते. केंद्राचा कायदा पंधरा कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, हे खरे. पण न्यू जर्सीत एकच कर्मचारी असला तरी राज्याचा कायदा लागू होतो. न्यूयॉर्कमध्येही २०२० पासून तसेच आहे. गरोदर कर्मचाऱ्याला बसायला खुर्ची, कुणाला प्रार्थनेसाठी थोडी सवड, अशी सोय धंद्याला फारशी अडचण होत नसेल तर द्यावीच लागते. तक्रार केली म्हणून कुणाला काढता येत नाही.

आणि आडनावावरून जात ताडण्याची आपली जुनी खोड? २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभावाला स्पष्ट बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसे विधेयक नाकारले, पण कारण दिले ते असे की राज्याच्या सध्याच्या कायद्यात ही बंदी आहेच.

ज्या कायद्याने आपल्याला दार उघडून दिले, त्याच दारात आता मालक म्हणून आपण उभे आहोत. मुलाखतीला आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे या दिवाळीत एकदा आठवून पाहावे.